आठवीच्या आधी

"प्रेमलाबाई, या मुलांना अजून नाक पुसायचं कळत नाही आणि तुम्ही त्यांना नोकऱ्या लावायला निघालात?"

मुख्याध्यापक आप्पासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. समोरच्याचं ऐकायचं नसलं की त्यांचा चष्मा वर जायचा, हे गुलटेकडीच्या त्या शाळेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

"नोकऱ्या नाही लावत, सर. कुठला रस्ता कुठं जातो ते दाखवायचंय."

"ते आपण दहावीला दाखवतोच की. निरोपसमारंभाला पाहुणे बोलावतो, ते तासभर बोलतात, मुलं पेढा खाऊन घरी जातात."

"म्हणजे वरातीमागून घोडंच झालं," प्रेमलाबाई म्हणाल्या. "टेक्निकल घ्यायचं की संस्कृत, हे आठवीत ठरतं. त्याचा विचार सातवीतच करायला हवा. एकदा आठवी उलटली की ते दार बंद. मग दहावीला पेढ्याबरोबर सांगून काय उपयोग?"

आप्पासाहेबांनी चष्मा खाली घेतला. शिवणाच्या बाई एवढं बोलतात हे त्यांना नवीन होतं.

"शनिवारचा शेवटचा तास घ्या," ते म्हणाले. "तसंही त्या तासाला कुणी काही शिकत नाही."

एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या जूनमधली ही गोष्ट. प्रेमला खळदकर या शाळेत शिवण शिकवत होत्या, आणि शाळेत शिवणाच्या बाईंना जेवढा मान असतो तेवढाच त्यांना होता. गणिताचे सर आजारी पडले की त्यांच्या तासाला यांना बसवायचं. स्नेहसंमेलन आलं की मावळ्यांचे अंगरखे यांनी शिवायचे. त्या वर्षी सरकारी व्यवसाय मार्गदर्शनाच्या शिबिराला शाळेतून एक जण पाठवायचा होता. गणिताच्या सरांना शिकवण्या होत्या, शास्त्राच्या बाईंच्या घरी लग्न होतं. उरल्या प्रेमलाबाई. त्या गेल्या आणि 'करिअर मास्तर' होऊन परत आल्या. त्या पदाचं नावच तसं होतं. शिक्षकांच्या खोलीत हसू पिकलं. "बाई होत्या, आता मास्तर झाल्या!" प्रेमलाबाईही हसल्या.

पण शिबिरात एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. तिथल्या व्याख्यात्यांनी सगळ्या शिक्षकांना विचारलं होतं, तुम्हाला काय व्हायचंय हे लहानपणी सगळ्यात आधी कुणी विचारलं? कुणी वडील सांगितले, कुणी मामा, कुणी शाळेतले गुरुजी. प्रेमलाबाईंची पाळी आली आणि त्यांना कुणीच आठवेना. त्या नुसत्याच उभ्या राहिल्या आणि खाली बसल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी आईला विचारलं. आई, मथुराबाई, तांदूळ निवडत बसली होती.

"आई, मी सातवीत होते तेव्हा माझं पुढं काय व्हावं असं तुला वाटलं होतं?"

"वाटायला सवड कुणाला होती?" आई तांदळातून नजर न काढता म्हणाली. "तुझे वडील गेले. भावाला शाळेत ठेवायचं होतं. शेजारच्यांनी मशीन दिलं, तू त्यावर बसलीस."

आईच्या आवाजात राग नव्हता, पश्चात्ताप नव्हता. झालं ते तसं झालं होतं. मशीन आलं आणि तेरा वर्षांची मुलगी त्यावर बसली. पुढं शिवणाची पदविका, मग ही शाळा. वाईट काही झालं नव्हतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

म्हणूनच प्रेमलाबाई आप्पासाहेबांकडं तास मागायला गेल्या होत्या.

पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर एक गोल काढला. "हे स्वारगेट," त्या म्हणाल्या. "इथून गाडी कुठं कुठं जाते?"

सातवीची मुलं एकदम जागी झाली. सातारा! सोलापूर! भोर! हडपसर! प्रेमलाबाईंनी गोलाभोवती रेघाच रेघा ओढल्या.

"आता समजा, मला साताऱ्याला जायचंय आणि मी डोळे मिटून सोलापूरच्या गाडीत बसले. मग?"

"कंडक्टर ओरडंल!" मागून कुणीतरी म्हणालं.

"ओरडेल. पण तिकडे जाऊन पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही तर?" वर्ग हसला. "सातवी म्हणजे तुमचं स्वारगेट. कुठल्याही गाडीत आत्ताच बसायचं नाहीये. पण पाट्या वाचायला आत्ताच शिकायचं."

मग त्यांनी त्या गोलालाच सातवी केलं आणि रेघा पुन्हा लिहून काढल्या. टेक्निकल घेतलं तर पुढं पदविकेला राखीव जागा असतात. आयटीआय म्हणजे काय, नर्सिंगला काय लागतं, शेतकी शाळा कुठं आहे, बँकेच्या परीक्षेला कोण बसू शकतं. बाईंना सगळं येत होतं असं नाही. जे येत नव्हतं ते त्या "पुढच्या शनिवारी सांगते" म्हणायच्या, आणि आठवडाभर बस बदलत पुणंभर हिंडून खरोखरच माहिती काढून आणायच्या.

दिवाळीच्या आधी त्यांनी मुलांना मार्केट यार्डात नेलं. शाळेपासून चालत जाण्यासारखं. बहुतेक मुलं तिथंच लहानाची मोठी झाली होती, त्यामुळं "यात काय बघायचं?" असं नाक मुरडणं झालंच.

"इथं काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"कांदा!"

"कांदा राहू दे. माणसं सांगा. कोण काय करतंय?"

मग मुलं सांगायला लागली. आडते, तोलणार, हमाल, ट्रकवाले. शेतमालाचा भाव फळ्यावर लिहिणारा माणूस. शीतगृहाचं यंत्र दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक. बँकेतला कॅशियर. "आणि चहावाला," कुणी म्हणालं. "तोही," बाई म्हणाल्या. "जा, एकेकाला विचारून या, सातवीत असताना तुम्हाला काय ठाऊक असतं तर बरं झालं असतं?" पोरं पांगली. एका म्हाताऱ्या आडत्यानं म्हणे सांगितलं, "इंग्रजी. आणि गुडघे जपायला हवे होते."

यार्डाच्या मागच्या गल्लीत शमशुद्दीनचं दुकान होतं. बाजारातले तराजू आणि वजनकाटे तो दुरुस्त करायचा. वर्गाची रांग तिथं पोचली तशी रांगेतली एक मुलगी बाहेर पडली, सरळ दुकानात शिरली आणि बापाशेजारच्या छोट्या पाटावर बसली. ती जुबेदा, शमशुद्दीनची मुलगी. वर्गात ती फारशी बोलायची नाही. शिवणाच्या तासाला मात्र काज इतकं नेटकं करायची की प्रेमलाबाई ते वर्गाला फिरवून दाखवायच्या.

"हा काटा खोटं बोलतोय," जुबेदा एक दांडी उचलून मैत्रिणींना सांगू लागली. "दांडी ज्यावर झुलते ती मधली धार बोथट झाली की दांडी अडखळते. मग अब्बा धार घासतात. जास्त घासलं तर काटा फुकट गेला. किती घासलं ते बोटाला कळतं."

शमशुद्दीन हसला. "बाई, घरी कामाला हात लावायचा म्हटलं की हिला अभ्यास असतो. इथं बसायचं म्हटलं की अभ्यास संपलेला असतो!"

परत येताना जुबेदा बाईंच्या बरोबरीनं चालत होती. "बाई, टेक्निकलला लोखंड घासायला शिकवतात ना?"

"शिकवतात. कानस, करवत, ड्रॉईंग, सगळं."

"मग आपल्या शाळेतून तिथं फक्त मुलंच का जातात?"

इतकी वर्षं आठवीची मुलं आठवड्यातून तीन दुपारी स्वारगेटपलीकडच्या टेक्निकल केंद्रात जात होती. मुली शाळेत राहत होत्या. बाईंनी ते रोज पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं.

"सोमवारी सांगते," त्या म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी केंद्राची नियमावली मागवून वाचली. सगळीकडे 'विद्यार्थी' लिहिलं होतं. विद्यार्थी म्हणजे मुलगाच, असं कुठंही म्हटलं नव्हतं.

केंद्राचे मुख्य निदेशक सर्जेराव हे लष्कराच्या वर्कशॉपमधून आलेले, मिशा राखलेले, आवाज यंत्राच्या वर काढायची सवय असलेले गृहस्थ होते. यंत्र बंद असलं तरी ते तसेच बोलत.

"नियमाचा प्रश्न नाही, बाई!" ते म्हणाले. "इथं लोखंड आहे. लोखंडाला दयामाया नसते. वेणी यंत्रात गेली तर? ओढणी गेली तर?"

"वेणी बांधता येते. ओढणीऐवजी एप्रन घालता येतो. मी शिवून देईन."

"चाळीस मुलांत एकटी मुलगी मी घेणार नाही. उद्या काही झालं तर माझी मान जाईल. निदान तिघी आणा. आणि रोज बरोबर एक बाईमाणूस बसलं पाहिजे. कोण बसणार?"

"मी."

सर्जेराव पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "वर्षभर?"

"तुम्ही सांगाल तोवर."

मग प्रेमलाबाई घरोघर गेल्या.

शमशुद्दीन त्यांना बसायला खुर्ची देऊन स्वतः उभाच राहिला. "तुमचं म्हणणं माझ्या डोक्यात शिरतं, बाई. पण मोहल्ल्याच्या डोक्यात कोण शिरवणार? मुलगी मुलांच्यात बसून लोखंड घासते म्हटल्यावर चार तोंडं चार गोष्टी बोलतील."

आतल्या पडद्यामागून बांगड्या वाजल्या. शमशुद्दीनची बायको अख्तरबानू चहा घेऊन बाहेर आली. "बाई, एक विचारू? ही पोरगी भाकरी थापते आणि गोल आली नाही तर मोडून परत थापते. घरात सगळे उपाशी बसतात. ही खोड तिकडे कामाला येईल का?"

"त्याच खोडीचं तिथं काम आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"मग घेऊन जा," अख्तरबानू म्हणाली. "मोहल्ल्याचं मी बघते."

शालूचा बाप दत्तोबा यार्डात हमाली करायचा. शालू वर्गातली सगळ्यात धीट मुलगी, गणितात पक्की. दत्तोबानं पाठीवरचं पोतं खाली ठेवून बाईंचं ऐकून घेतलं.

"पोरगी हुशार हाय, ठावं हाय मला," तो म्हणाला. "पर लोखंड घासून हात खरखरीत झालं तर करंल कोन तिला?"

"अहो दत्तोबा, भांडी घासून हात मऊ होतात का?"

दत्तोबानं आपल्या तळहातांकडं पाहिलं, मग बाईंकडं. "न्हाई," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "ह्याचा पुढं उपेग हाय ना पर? नुसतं घासून घासून पोर दमायची न्हाई ना?" बाईंनी त्याला पदविका, राखीव जागा, सगळं समजावून सांगितलं. तो तिथंच पोत्यावर बसून ऐकत राहिला. मुकादमानं हाक मारली तरी उठला नाही.

तिसरी हेमा. तिची आई श्यामला पोस्टात नोकरीला. त्यांचं म्हणणं वेगळंच. "टेक्निकल म्हणजे ढ मुलांसाठी, बाई. आमच्या हेमाला संस्कृतमध्ये पैकीच्या पैकी पडतील."

प्रेमलाबाईंनी आग्रह केला नाही. "हेमाला काय वाटतं?" एवढंच विचारलं.

"मला रेडिओ उघडून बघायचाय," हेमा म्हणाली. "आई उघडू देत नाही. तिथं उघडू देतील."

श्यामलाबाईंनी मुलीकडं असं पाहिलं की जणू ती या घरात पहिल्यांदाच बोलत होती.

जूनमध्ये तिघी आठवीत गेल्या आणि टेक्निकलला लागल्या. खाकी एप्रन, वेण्या वर बांधून त्यावर कापडी टोप्या. मुलं पहिले काही दिवस हसली. मग शालूनं हातोडीचा पहिला घाव असा घातला की हसणारा एक मुलगा दचकून मागं सरला. त्यानंतर हसणं थांबलं.

प्रेमलाबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर विणकाम घेऊन बसत. ड्रॉईंगच्या तासाला त्यांचं विणकाम थांबायचं. एकाच वस्तूचं समोरून दिसणारं, वरून दिसणारं, बाजूनं दिसणारं चित्र. मुलं डोकं खाजवायची. बाईंना वाटलं, हे तर बेतणं! ब्लाऊज बेतताना पुढचा भाग, पाठ, बाही वेगवेगळी कागदावर काढायची आणि मनात ती जोडून बघायची, तसंच. त्यांनी तिघींना शाळेत ते बेतण्याच्या भाषेत समजावलं आणि तिघींच्या पेन्सिली धावायला लागल्या. थोड्याच दिवसांत ड्रॉईंगपुरती मुलंही मुलींच्या टेबलाभोवती जमू लागली.

"बाई, नुसत्या बसून काय करता?" एके दिवशी सर्जेराव ओरडले. "या, कानस धरा!"

प्रेमलाबाईंनी पदर खोचला आणि धरली. पहिल्याच दिवशी तळहाताला फोड आला. घरी आईनं फोडावर हळद लावत विचारलं, "या वयात हे काय काढलंस?" लोखंडाचा सपाट झालेला तुकडा बाईंनी पिशवीतून काढून आईच्या हातावर ठेवला, आणि आईनं तो बराच वेळ अंगठ्यानं चाचपला.

मग दिवाळीनंतर व्हायचं तेच झालं. कुणीतरी शाळा समितीच्या एका सभासदाच्या कानात कुजबुजलं. मुली मुलांच्यात मिसळतात, हातोड्या मारतात, शाळेचं नाव जातं. सभासदांनी आप्पासाहेबांना बोलावलं. आप्पासाहेबांनी प्रेमलाबाईंना.

चष्मा कपाळावर होता. "बाई, मला वाद नको आहे. सोमवारपासून मुली तिकडे जाणार नाहीत. संस्कृतच्या वर्गात बसतील."

"वर्ष अर्धं झालंय, सर. आता संस्कृत कसं झेपेल? ना इकडच्या ना तिकडच्या होतील."

"त्याला माझा इलाज नाही. समितीचं म्हणणं आहे."

"समितीनं पाहिलंय का?"

"काय?"

"मुली काय करतात ते. तुम्ही पाहिलंय?" बाई थांबायला तयार नव्हत्या. "सोमवारच्या आधी शनिवार आहे. शनिवारी या. त्या सभासदांना आणा. मी तिघींच्या आईवडिलांना बोलावते. पाहून मग ठरवा. न पाहता नाही."

आप्पासाहेबांचा चष्मा खाली आला.

शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये कधी नव्हती अशी गर्दी झाली. दत्तोबा डोक्यावरची टोपी हातात धरून दारातच उभा. श्यामलाबाई पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आलेल्या. शमशुद्दीन धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, त्याच्यामागं बुरख्यातली अख्तरबानू. आप्पासाहेब, आणि समितीचे ते सभासद, नाकाला रुमाल लावून.

प्रेमलाबाई स्टुलावर बसू शकल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मुली घाबरल्या तर? हात सटकला तर? आपल्या हट्टापायी तीन मुलींचं वर्ष जाणार, असं त्यांना पहिल्यांदाच, आणि अगदी स्पष्ट वाटलं.

सर्जेरावांनी सहामाहीचं काम सगळ्यांना दिलेलं होतं. लोखंडाचे दोन तुकडे. एकाला चौकोनी खाच, दुसऱ्याला चौकोनी जीभ. जीभ खाचेत बसली पाहिजे. ठोकून नाही, अलगद. आणि बसल्यावर मध्ये फट राहता कामा नये.

"कशी तपासतात ते सांगतो!" सर्जेराव पाहुण्यांवर ओरडले. "जोड उजेडापुढं धरायचा. फट असली तर उजेडाची रेघ दिसते. उजेड खोटं बोलत नाही!"

एकेक मुलगा आला. सर्जेराव जोड खिडकीपुढं धरत आणि उजेडाची रेघ दिसे, कुणाची जाड, कुणाची केसाएवढी. "घास आणखी. पुढं." हेमाचा जोड आला. एका कोपऱ्यात बारीक ठिपका चमकला. "बरा आहे. कोपरा सांभाळ." शालूचा आला. एका बाजूला केसाएवढी रेघ, तीन बाजू बंद. सर्जेरावांनी मान डोलावली. दत्तोबाला त्यातलं काही कळलं नाही, पण मान डोललेली त्यानं पाहिली आणि टोपी डोक्यावर ठेवली.

जुबेदा आली. तिनं एका तुकड्यावर दुसरा ठेवला आणि हात काढून घेतला. जीभ आपल्या वजनानं खाचेत उतरली. आवाज झाला नाही.

सर्जेरावांनी जोड खिडकीपुढं धरला. मग फिरवला. मग पुन्हा फिरवला. वर्कशॉपमध्ये एवढी शांतता झाली की रस्त्यावरच्या पीएमटी बसचा हॉर्न आत आला. सर्जेरावांनी तो जोड नेऊन आप्पासाहेबांच्या हातात दिला.

आप्पासाहेबांनी तो खिडकीपुढं धरला. चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला, डोळा बारीक केला.

"मला यातलं काही कळत नाही," शेवटी ते म्हणाले. "पण उजेड दिसत नाही, एवढं कळतं." आणि समितीच्या सभासदांकडं वळून, "आपण पाहता का? रुमाल काढावा लागेल."

सभासदांनी रुमाल काढला, जोड पाहिला आणि घड्याळही पाहिलं. त्यांना कुठंतरी जायचं असल्याचं आठवलं.

जोड फिरत फिरत शमशुद्दीनकडं आला. आयुष्यभर धारा घासलेल्या त्या माणसानं तो डोळ्यांनी पाहिलाच नाही. अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग मागं वळून बायकोच्या हातात दिला. अख्तरबानूनं बुरख्याची जाळी वर केली, खिडकीशी गेली आणि जोड उजेडापुढं धरून उभी राहिली, बराच वेळ. जुबेदा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आईनं मुलीच्या टोपीतून निसटलेली बट आत सारली आणि एवढंच म्हणाली, "म्हणून भाकरी मोडत होतीस!"

आणि मग कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. दत्तोबा, श्यामलाबाई, ती चाळीस मुलं, सर्जेराव मिशांतून, सगळे हसले. प्रेमलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

सोमवारी मुली टेक्निकलला गेल्या. पुढच्या आठवड्यातही आणि त्या पुढच्या दोन वर्षांतही.

पुढच्या जूनमध्ये टेक्निकलसाठी इतक्या मुलींनी नावं दिली की सर्जेरावांना मुलींची वेगळी तुकडी करावी लागली आणि केंद्रानं एका बाईंची नेमणूक केली. प्रेमलाबाईंच्या शनिवारच्या तासाला आया येऊन खिडकीबाहेर उभ्या राहू लागल्या. एकीच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. "बाई, हिचं आत्ताच सांगून ठेवू का?" तिनं विचारलं, आणि बाईंनी गंभीरपणे उत्तर दिलं, "आधी बोलू दे तिला. मग तिलाच विचारू." आप्पासाहेबांनी तो तास शनिवारवरून उचलून बुधवारी दुसरा केला. "त्या वेळेला मुलं जागी असतात," ते म्हणाले. तेव्हा चष्मा नाकावरच होता.

दहावीचा निकाल लागला. जुबेदाला यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला जागा मिळाली, शालूला विद्युतच्या. दत्तोबानं यार्डात मुकादमापासून आडत्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले आणि प्रत्येकाला 'विद्युत' हा शब्द म्हणून दाखवला. मोहल्ल्यातल्या दोन बायका आपल्या मुलींना घेऊन अख्तरबानूकडं आल्या. तिनं त्यांना सरळ शाळेची वाट दाखवली.

हेमा मात्र एकटीच भेटायला आली. बराच वेळ बाकाची कड खरवडत बसली.

"बाई, मला यंत्रं आवडतात. पण उघडून बघण्यापुरतीच. पुढं मला हे नाही करायचं. मला शिकवायचंय. शास्त्र. तुम्हाला राग येईल का?"

"राग?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "अगं, तीन वर्षांत तुला हे कळलं. काहींना साठीतही कळत नाही. चांगल्या मार्कांनी पास होऊन हे कळलं, मग आणखी काय हवं?"

हेमा सुटलेल्या दोरीसारखी हलकी झाली आणि विज्ञान शाखेच्या चौकशीसाठी त्याच दुपारी निघाली.

पदविकेच्या पहिल्या दिवशी जुबेदा आणि शालू सायकली घेऊन सकाळीच शाळेच्या फाटकाशी आल्या. आपल्या नव्या कॉलेजला निघालेली हेमाही बरोबर. आठवीचं सगळं वर्ष प्रेमलाबाई त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडून, बस पकडून टेक्निकलला गेल्या होत्या. आज तिघींनी आपण होऊन बाईंसाठी मागं कॅरियरवर गादी बांधून आणली होती.

"चला, बाई," शालू म्हणाली. "पहिला दिवस आहे. मी डबल सीट नेते, पाडणार नाही."

प्रेमलाबाईंनी पर्स काखेत मारलीही होती. मग त्यांनी तिघींकडं पाहिलं. जुबेदाच्या खांद्यावर ड्रॉईंगची लांब नळी होती. शालू आधीच पायडलवर पाय ठेवून उभी होती.

"नाही, गं," त्या म्हणाल्या. "मला बुधवारचा तास आहे. तुम्ही जा."

"पण बाई..."

"जा. उशीर होईल."

तिघी निघाल्या. उतारावरून सायकली सुटल्या. शालूनं काहीतरी म्हटलं, जुबेदानं ते खोडून काढलं, हेमा मध्ये पडली आणि तिघी मोठमोठ्यानं वाद घालत कोपऱ्यावर वळल्या. एकीनंही मागं वळून पाहिलं नाही.

प्रेमलाबाई फाटकात थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्यांना ते फार आवडलं.